रुळाच्या कर्व्हवर ग्रीस लावणारं सोलर मशीन: घ्या, पण सेल्समनचं सगळं ऐकू नका

आधीच सांगून टाकतो, मशीन चांगलं आहे. पाचात साडेतीन. राहिलेले दीड कुठे कापले ते खाली येतंच आहे. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण असं मशीन थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्या विकतात, डब्याचा रंग आणि स्टिकर सोडला तर बाहेरून फारसा फरक दिसत नाही, आणि मला कोणाशी भांडण काढायचं नाही.

वस्तू म्हणजे इलेक्ट्रॉनिक रेल ल्युब्रिकेटर. मी चंद्रपूरकडे एका प्रायव्हेट साइडिंगच्या (मेन लाइनवरून प्लांटमध्ये जाणारा फाटा) ट्रॅक मेंटेनन्सचं काम बघतो, कोळशाचे रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, येतात, भरलेले आत आणि रिकामे बाहेर, आणि मेन लाइनवरून आत वळताना एक कर्व्ह आहे, साधारण आठ डिग्रीचा, म्हणजे आपल्याकडच्या १७५० भागिले डिग्री या हिशेबाने त्रिज्या २२० मीटरच्या आतच. ब्रॉडगेजला दहा डिग्री, म्हणजे १७५ मीटर, ही शेवटची हद्द, त्यामुळे आमचा कर्व्ह किती कडक आहे ते लाइनवर काम केलेल्यांना लगेच कळेल. या कर्व्हचा बाहेरचा रूळ आम्हाला कायम रडवायचा. गेज फेस, म्हणजे रुळाच्या डोक्याची आतली बाजू जिथे चाकाची फ्लँज (चाकाची आतली उंच कड) घासते, ती तासल्यासारखी झिजत होती. रुळाच्या पायावर आणि क्लिपांवर काळपट चमकीचा चुरा साचायचा, लोहचुंबक फिरवला की दाढी फुटल्यासारखा चुरा चिकटून वर यायचा. हा चुरा दिसला की समजायचं गेज फेस कोरडा आहे, त्याला कुठल्या लॅबची गरज नाही.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय मशीनला मार्क कसे दिले ते कळणार नाही. भरलेल्या बॉक्सएन वाघिणीचा (कोळशाचा उघडा मालडबा) एक्सल लोड, म्हणजे चाकांच्या एका जोडीवरचं वजन, २२.९ टन, म्हणजे एका चाकावर साडेअकरा टनाच्या जवळपास, आणि हे सगळं वजन रुळाला टेकतं ते नखाएवढ्या जागेवर, एखाद-दीड चौरस सेंटिमीटर म्हणा. सरळ लाइनवर चाक उतरतं घेतलेलं असतं (आपल्याकडे १ ला २०), त्यामुळे एक्सल आपोआप मधे राहतो आणि फ्लँज रुळाला लागतच नाही. कडक कर्व्हवर मात्र बोगीचा (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) पुढचा एक्सल नीट वळू शकत नाही, तिरका होऊन बाहेरच्या रुळावर फ्लँज दाबत दाबत जातो. कोरड्या स्टीलवर स्टील म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.५ च्या आसपास. नीट ग्रीस असेल तर तो ०.२ च्या आसपास येतो. आणि हा फरक फक्त झिजेचा नाही. नादाल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरचं शंभर वर्षांहून जुनं सूत्र आहे, चाक रुळावर चढून उतरेल की नाही याचं, बाजूचा जोर भागिले वरचं वजन ही मर्यादा किती ते त्यातनं निघतं. फ्लँजचा कोन ७० अंश धरून मांडून बघा: गुणांक ०.५ असेल तर मर्यादा ०.९५ च्या आसपास येते, ०.२ असेल तर १.६ च्या वर जाते. म्हणजे ग्रीस लावलेल्या रुळावर चाक चढायला जवळपास पावणेदोनपट बाजूचा जोर लागतो. रिकामी वाघीण, कडक कर्व्ह, कोरडा रूळ, त्यात ट्रॅकला थोडा ट्विस्ट (पीळ), या चौकडीत डबा का उतरतो ते यातच आलं. साइडिंगवाले लोक डबा उतरला की आधी लोको पायलटच्या नावाने बोंब मारतात, गेज फेसला बोट लावून कोणी बघत नाही.

बरं, मशीनकडे येऊ. एक टाकी, त्यात ग्रीस, पंप, वर सोलर पॅनल, आत बॅटरी आणि कंट्रोलर. रुळाला एक सेन्सर क्लॅम्प करतात तो एक्सल मोजतो, आणि रुळाच्या डोक्याखाली आतल्या बाजूला लांबट बार बसवतात, त्यांना भोकं असतात, तिथनं ग्रीसचा मणी बाहेर येतो, जाणारी फ्लँज तो उचलते आणि कर्व्हभर पुढे पुढे लावत जाते. सेटिंग दोनच, किती एक्सलनंतर पंप चालू करायचा आणि किती सेकंद चालवायचा. सेन्सरचं काम एक नंबर. आमचा ५८ वाघिणींचा रेक म्हणजे २३२ एक्सल, वर इंजिनाचे, आणि कंट्रोलरवरचा आकडा मी माणूस उभा करून मोजून ताडला, बरोबर आला. जुनी मेकॅनिकल टाइप होती त्यात चाकाने प्लंजर दाबला जायचा, तो प्लंजर ठोके खाऊन खाऊन बसायचा आणि मग एकतर काहीच ग्रीस नाही नाहीतर गिट्टीवर पोतंभर ग्रीस. त्या मानाने हे फार सुधारलेलं आहे, यात वाद नाही.

आता सेल्समन. डेमोला आला होता तेव्हा त्याने तीन गोष्टी सांगितल्या: झीज कमी होईल, डिझेल वाचेल, आणि कर्व्हचा आवाज बंद होईल. पहिली खरी. दुसरी असेलही, पण आमच्यासारख्या छोट्या साइडिंगला ती मोजायची कशी हा प्रश्न आहे, एक कर्व्ह आणि रांगत चालणारे रेक. तिसरी मात्र साफ चुकीची, आणि अर्धे मार्क इथेच गेले, कारण आमच्या मॅनेजमेंटने पैसे मंजूर केले ते मुख्यतः आवाजावर, शेजारच्या वस्तीची तक्रार होती. कर्व्हवर दोन वेगळे आवाज असतात. एक फ्लँज घासल्याचा खरखरीत, सुसाट हिस्सिंगसारखा, तो बाहेरच्या रुळावरून येतो आणि तो खरंच गेला. दुसरा तो कानात घुसणारा एकसुरी कीईईई, तो बहुतेक वेळा आतल्या रुळावरून येतो! आतल्या बाजूचं पुढचं चाक रुळाच्या डोक्यावरून आडवं सरकत असतं, पण सलग सरकत नाही, चिकटतं-सुटतं चिकटतं-सुटतं असं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं आणि चाकच वाजायला लागतं. बाहेरच्या रुळाच्या गेज फेसला कितीही ग्रीस पाजा, आतल्या रुळाच्या डोक्यावर काय चाललंय त्याला काही फरक पडत नाही. तिथे ग्रीस चालतच नाही, तिथे फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, म्हणजे बहुतेक पाण्यात मिसळलेला पदार्थ, जो सुकून पातळ थर होतो आणि गुणांक ०.३ ते ०.४ च्या मधे धरून ठेवतो, निसरडंही नाही आणि चिकट-सुटही नाही. ती वेगळी टाकी, वेगळे बार, वेगळं बिल. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. वस्तीतल्या एक काकू अजून भेटल्या की विचारतात, "काय हो, मशीन बसवलं म्हणे, मग गाडी अजून किंचाळते कशी?" काय सांगणार.

डोक्यावर ग्रीस का चालत नाही हे नवीन लोकांना सांगायला हवं कारण इथेच धोका आहे. ओढायला पण घर्षण लागतं आणि थांबायला पण. बोरघाटात १ ला ३७ चा चढ आहे, मागून बँकर इंजिनं लावून गाड्या चढवतात, तिथे रुळाच्या डोक्यावर ग्रीसचा हात फिरला तर काय होईल विचार करा. इंग्लंडात तर दर पानगळीला झाडांची पानं चाकाखाली चिरडून रुळावर काळा चिकट थर बसतो, गुणांक ०.१ च्याही खाली जातो, आणि मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रूळ धुवायच्या आणि वाळू मिसळलेली जेल टाकायच्या खास गाड्या फिरवाव्या लागतात. आमच्याकडे पानगळीचा त्रास नाही, पण कंपनीच्या माणसाने बसवताना सेटिंग इतकं सढळ ठेवलं होतं की ग्रीस फ्लँजवरून चढून डोक्यावर यायला लागलं. भरलेला रेक कर्व्हवर थांबला आणि परत उठवताना इंजिनाची चाकं जागेवर फिरली. लोको पायलटने वाळू सोडली, गाडी निघाली, पण रुळावर व्हील बर्नचा निळसर डाग राहिलाच. सेटिंग मी निम्म्याच्या खाली आणलं आणि गेज फेसवर तरीही पुरेसा थर राहतोय. थोडक्यात कंपनी ग्रीसही विकते हे लक्षात ठेवून सेटिंग बघा.

ग्रीस कुठलं, यावर मशीनपेक्षा जास्त लिहायला हवं, पण कोटेशनमध्ये ती एका ओळीची गोष्ट असते. जुने लोक जळकं ऑइल ब्रशने मारायचे. ते का टिकत नाही याचं कारण छान आहे. बेअरिंगमध्ये फिरणारा शाफ्ट तेलाला ओढून पाचरीसारखं आत घेतो आणि तेलाचा थर वजन उचलतो, हे सापडलंच मुळी रेल्वेमुळे, १८८३ मध्ये बोशँप टॉवर नावाच्या इंजिनिअरने रेल्वेच्या एक्सल बेअरिंगवर प्रयोग करताना वर तेल घालायला भोक पाडलं तर आतूनच तेल उसळून बुच उडवायला लागलं. पण फ्लँजच्या खाली असं काही होत नाही. तिथे दाब इतका आणि सरकणं असं की तेलाचा सलग थर उभाच राहत नाही, धातूला धातू लागतोच, म्हणून तिथे ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा घन पदार्थ लागतो जो तेल पळालं तरी पृष्ठभागावर पुसटसा राहतो. फिशप्लेटला (रुळाच्या जोडावरची पट्टी) आपण प्लम्बॅगो (ग्राफाइटची पूड), रॉकेल आणि ब्लॅक ऑइल कालवून लावतो ते याच कारणाने. दर हिवाळ्यात हे काम केलेला कुठलाही गँगमन तुम्हाला सांगेल की काळं लावलं तरच जॉइंट सरकतो.

चंद्रपूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. रूळ साठ अंशाच्या पुढे जातो, हात लावता येत नाही. कंपनीने दिलेल्या ग्रीसमधलं तेल मे महिन्यात टाकीतच सुटायला लागलं, वर तेलाचं तळं आणि खाली घट्ट साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा भाग), पंप आधी तेल ओकतो आणि नंतर हवा खातो. थंडीत उलटं, सकाळच्या पहिल्या रेकला लांबच्या बारपर्यंत ग्रीस पोचतच नव्हतं, पाइप लांब आणि ग्रीस कडक. शेवटी वेगळ्या ठिकाणाहून एक नंबरचं ग्रीस घेतलं, एनएलजीआय एक (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर), पाण्याला टिकणारं, ग्राफाइटवालं, आणि बाराही महिने तेच चालतंय. कंपनीचा माणूस म्हणाला वॉरंटी जाईल. म्हटलं जाऊ दे. एक मार्क इथे कापला.

मार्क कुठे दिले तेही सांगतो. झीज. लॅटरल वेअर गेजने (बाजूची झीज मोजायचं माप) आम्ही दर महिन्याला त्याच त्याच स्लीपरवर खुणा करून मोजतो, आणि मशीन नीट चालायला लागल्यापासून आलेखाची रेघ जवळजवळ सपाट झालीय. चुरा पडायचा बंद झाला. गेज फेस जो आरशासारखा पण ओरखडे ओरखडे दिसायचा तो आता काळा मंद दिसतो, आणि कर्व्हच्या दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं फिरवलं तरी फडकं काळं होतं, म्हणजे ग्रीस तिथपर्यंत जातंय. रूळ बदलायचं एस्टिमेट करून ठेवलं होतं ते फायलीतच आहे. नुसता रूळ नाही, ब्लॉक (कामासाठी लाइन बंद), वेल्डिंग, लेबर, आणि तेवढा वेळ प्लांटला कोळसा नाही, हे सगळं धरलं तर मशीनचे पैसे निघालेत असं माझं मत आहे.

पण इथे एक गोष्ट, जी ब्रोशरमध्ये नसते. झीज कमी झाली म्हणजे रूळ सुरक्षित झाला असं नाही. रुळाच्या आतल्या कोपऱ्यावर, गेज कॉर्नरला, बारीक तिरक्या भेगा पडतात, रोलिंग काँटॅक्ट फटीग म्हणतात त्याला. कोरडा रूळ झिजता झिजता या कोवळ्या भेगाही घासून टाकत असतो. झीज थांबवलीत की भेगा जागेवर राहतात, आणि त्यात पातळ तेल किंवा पाणी शिरलं तर वरून चाक गेल्यावर ते आत कोंडलं जाऊन भेग आणखी उकलते. इंग्लंडात हॅटफिल्डला १७ ऑक्टोबर २००० ला अशाच गेज कॉर्नरच्या भेगांनी रूळ तुकडे तुकडे होऊन एक्सप्रेस घसरली आणि चार माणसं गेली. तो अपघात ग्रीसमुळे झाला असं मी म्हणत नाहीये, भेगा माहीत असून रूळ वेळेवर बदलला नाही हे तिथलं दुखणं होतं. पण ग्रीस लावलं की अल्ट्रासॉनिक टेस्टिंग (ध्वनिलहरींनी रुळाच्या आतल्या भेगा शोधणं) आणि डोळ्यांनी बघणं वाढवायला हवं, कमी करून चालत नाही. शिवाय अल्ट्रासॉनिकवाला येतो तेव्हा ग्रीसने माखलेला रूळ बघून कपाळाला हात लावतो, त्याच्यासाठी आधी पुसून ठेवावं लागतं. आमच्याकडे "मशीन बसलंय ना, मग आता कर्व्हला काय बघायचं" असा सूर लगेच निघाला होता. ही झीज, घर्षण, वंगण अशी एकत्र विद्या म्हणजे ट्रायबॉलॉजी, १९६६ च्या जोस्ट रिपोर्टपासून तिला हे नाव मिळालं, आणि साठ वर्षं होत आली तरी आपल्याकडे साइडिंगच्या टेंडरमध्ये ती "ऑइलिंग ग्रीसिंग, लमसम" एवढ्यावरच आहे.

जागा. कंपनीच्या माणसाने बार कर्व्हच्या ऐन मध्यावर बसवायला काढले होते, कारण तिथे गाडीरस्ता जवळ होता आणि टाकी उतरवायला सोपं. थांबवलं. बार हवा कर्व्ह सुरू होतानाच, जिथे फ्लँज नुकती रुळाला टेकायला लागते. फार आधी बसवलात तर फ्लँज ग्रीसला शिवतच नाही, फार आत बसवलात तर कर्व्हचा पहिला भाग, जो सगळ्यात जास्त मार खातो, तो कोरडाच राहतो. आणि भरलेले रेक ज्या बाजूने येतात त्या बाजूला. आधी खडूने ठिपके काढून, गाडी पास करून, फ्लँज कुठे पुसते ते बघितलं आणि मग जागा ठरवली. इतकं साधं काम.

मेंटेनन्सचं बोलायचं तर कोळसा हा खरा शत्रू. वाघिणीतून सांडणारी बुकटी ग्रीसवर बसते, त्याचं लुकण होतं आणि बारची भोकं बुजतात. चार भोकांतली दोन चालू, दोन बंद, असं झालं की कंट्रोलर सगळं ठीक दाखवतो कारण त्याला फक्त पंप फिरला एवढंच कळतं. आमचे मुकादम भाऊ, लाइनवर आयुष्य गेलेला माणूस, पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "साहेब, हे मशीन खाते जास्त अन् देते कमी." खरं होतं. आता ते दर दोन-तीन दिवसांनी तार घालून भोकं मोकळी करतात, फडक्याने बार पुसतात, आणि तेवढं केलं की मशीन बिनबोभाट चालतं. "मेंटेनन्स फ्री" हा शब्द ब्रोशरवर आहे तो खोडून टाका. गिट्टीची पॅकिंग करताना बार काढावे लागतात आणि परत बसवताना उंची चुकली तर एकतर चाक ठोकतं नाहीतर ग्रीस खाली गळतं, त्यासाठी एक साधा गेज कंपनीने द्यायला हवा होता, आम्ही पत्र्याचा कापून केला.

सर्व्हिसबद्दल फार लिहीत नाही. फोन उचलतात, माणूस यायला वेळ लागतो, आला तर कंट्रोलर बघतो आणि बारकडे वाकतही नाही.

तर घ्यायचं कोणी? पाच-सहा डिग्रीच्या वरचा कर्व्ह आणि रोज भरलेले रेक असतील तर डोळे झाकून घ्या. आठवड्याला एखादा रेक येतो अशा साइडिंगला माणूस, ब्रश आणि चांगलं ग्राफाइट ग्रीस पुरतं, फक्त माणूस रुळाच्या डोक्यावर ब्रश फिरवणार नाही एवढं बघा. आवाजासाठी घेत असाल तर घेऊ नका, आतल्या रुळासाठी फ्रिक्शन मॉडिफायरचं वेगळं कोटेशन मागवा आणि आधी ट्रायल लावा. ऑर्डरमध्ये जास्तीचा एक बार, होजचा सेट आणि बार बसवायचा गेज बिलात घालूनच घ्या, नंतर मागितलं तर भाव वेगळा लागतो. ग्रीसचा नंबर तुम्ही ठरवा. आणि बॅटरीच्या डब्याला जाड पत्र्याचा पिंजरा वेल्ड करून कुलूप लावा, आमची पहिली बॅटरी उद्घाटनाच्या हारासकट गेली.